कोवळे खोंड नांगराला जुंपू नका!

५ फेब्रुवारी २०२२ रोजी वेस्ट इंडीजमधील अँटिगा बेटावर भारताच्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघाने इंग्लंडचा पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघात तुळजापूरचा एक वेगवान गोलंदाज होता. राजवर्धन हंगरगेकर हे नाव त्या दिवसापासून आमच्या जिल्ह्यातील पोरासोरांच्या तोंडी झाले. पुढे आठवडाभरातच चेन्नईच्या संघाने दीड कोटी रुपये मोजून त्याला आपल्याकडे घेतले. आणि ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेस त्या संघाकडून खेळताना पहिल्याच सामन्यात त्याने तीन गडी बाद केले. ज्या धाराशिव जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत दुष्काळाच्या, टँकरच्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी यावयाचे, त्याला या बातमीने केवढा हर्ष झाला असेल, हे सांगावयास नको. तो आम्हांसही झाला. परंतु आनंदाचा पहिला भर ओसरल्यानंतर आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो अद्याप तसाच उभा आहे. हा एक झाला. दुसरा कोठे आहे?

हा प्रश्न कोणास कृतघ्नपणाचा वाटेल. पण तो त्या तरुण खेळाडूला विचारलेला नाही, आम्हांला आणि आमच्या क्रीडाधुरीणांना विचारलेला आहे. एखाद्या कोरडवाहू शिवारात एकाच विहिरीला पाणी लागले, म्हणजे सारा गाव बागायती होत नाही. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात चेंडू वेगाने टाकणारी मुले काय थोडी आहेत? परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही गावच्या माळावर सुटीच्या दिवशी जाऊन पाहावे. पायात धड बूट नाहीत, हातात टेनिसचा चेंडू आहे, आणि तरीही फलंदाजाची बॅट खाली येण्याच्या आत यष्टी उडविणारा एक तरी पोर तेथे दिसल्यावाचून राहणार नाही. निसर्गाने दिले आहे. जतन करण्याची व्यवस्था मात्र आम्ही केलेली नाही.

व्यवस्था नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. झहीर खान हा अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा. ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी घेणारा आणि २०११ च्या विश्वचषकात २१ गडी बाद करणारा हा गोलंदाज महाराष्ट्राच्या मातीत जन्मला. पण तो घडला कोठे? श्रीरामपूर सोडून तो मुंबईस गेला, मुंबईहून चेन्नईच्या एम. आर. एफ. वेगवान गोलंदाजी केंद्रात गेला आणि रणजी करंडक त्याने बडोद्याला जिंकून दिला! २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेची दाणादाण उडविणारा हा भिडू महाराष्ट्राचा असूनही महाराष्ट्राचा नव्हता. मराठवाड्यापुरतेच बोलावयाचे, तर औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीस इंग्लंडविरुद्ध एक कसोटी सामना खेळला. तो त्याचा पहिला आणि अखेरचाही ठरला. त्याच्या पाठोपाठ दुसरा कोण, तिसरा कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हते. मागे रांग उभी नसेल, तर पुढचा कितीही मोठा असो, तो एकटाच राहतो.

प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीनदा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन रित्या हाताने परतावे लागले. या काळात महाराष्ट्राने फलंदाज काही कमी निर्माण केले नाहीत. उणीव होती ती समोरच्या संघाचे वीस गडी पुनःपुन्हा बाद करणाऱ्या गोलंदाजांच्या तांड्याची. उलट, ज्या विदर्भाला कोणी मोजत नव्हते, त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा हा करंडक नागपुरास नेला. पहिल्या विजयाच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी टिपले, हे वाचकांना स्मरत असेल. विदर्भाने अगोदर अकादमी उभारली, सुब्रोतो बॅनर्जी यांच्यासारखा वेगवान गोलंदाजीचा जाणकार गुरू मुलांच्या मागे उभा केला आणि मग फळाची वाट पाहिली. पुढे २०२४-२५ च्या हंगामात हाच गुरबानी महाराष्ट्राच्या संघात आला. तो आला याचे आम्ही स्वागतच करतो. पण शेजाऱ्याच्या आडाचे पाणी किती दिवस शेंदावयाचे?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. तेथील मैदानाच्या कडेस एक वेगळी जागा राखलेली असते. तिचे नाव ‘बुलपेन’, म्हणजे शब्दशः बैलांचा गोठा! पहिला पिचर थकला की त्याची जागा घेणारे चार-सहा गडी तेथे हात मोकळे करीत तयार बसलेले असतात. एकाने सुरुवात करावयाची, दुसऱ्याने मधला डाव सांभाळावयाचा, तिसऱ्याने शेवट करावयाचा, अशी कामे वाटलेली असतात. तेथील रसिक आपल्या संघाची परीक्षा करताना पहिल्या पिचरचे कौतुक करतोच, पण लगेच विचारतो, गोठ्यात कोण आहे? आम्ही नेमका हाच प्रश्न विचारावयास विसरतो.

भरलेल्या गोठ्याचा प्रताप आपणही एकदा पाहिला आहे. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर शमी, उमेश यादव, बुमराह, अश्विन, जडेजा असे एकामागून एक गोलंदाज जायबंदी झाले. ब्रिस्बेनच्या कसोटीत भारताने जे पाच गोलंदाज उतरविले, त्या सर्वांचे मिळून पूर्वीचे कसोटी सामने अवघे चार होते! तरीही १९८८ पासून ऑस्ट्रेलिया ज्या मैदानावर हरला नव्हता, तेथे त्यांनी त्याचे वीसही गडी बाद केले आणि भारताने तो सामना जिंकला. त्यांत पालघरचा शार्दूल ठाकूर होता आणि सेलम जिल्ह्यातील एका खेड्यात टेनिसच्या चेंडूवर वाढलेला नटराजन होता. हा चमत्कार नव्हता. राज्याराज्यांतून राखीव फळी वर्षानुवर्षे तयार केली गेली होती, तिचे ते फळ होते. ज्या देशाला १९६७ साली बर्मिंगहॅमच्या कसोटीत कुंदरनसारख्या यष्टिरक्षकाकडून नव्या चेंडूची सुरुवात करावी लागली होती, त्या देशाने केवढी मजल मारली, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र राखीव फळी तयार करणे म्हणजे पन्नास मुले गोळा करून त्यांच्याकडून सकाळ-संध्याकाळ चेंडू टाकून घेणे नव्हे. आमची खरी तक्रार येथेच आहे. वेगवान गोलंदाजी ही शरीराशी केलेली झटापट आहे. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट, कित्येकदा त्याहूनही अधिक भार त्या पायावर आणि तेथून पाठीच्या कण्यावर येतो. कमरेकडील मणक्यांची हाडे विशी उलटेपर्यंत पुरती पक्व झालेली नसतात. अशा कोवळ्या हाडांवर रोज तोच घाव बसला, म्हणजे त्यांना बारीक तडा जातो. डेनिस लिलीसारखा पोलादी गोलंदाज १९७३ साली याच दुखण्याने अंथरुणास खिळला होता. त्याला वैद्य मिळाले, वेळ मिळाला, तो पुन्हा उठला. आमच्या भूम किंवा वाशी तालुक्यातील पंधरा वर्षांच्या मुलाची पाठ धरली, तर त्याला काय मिळते? ‘थोडी उसण भरली आहे, तेल चोळ’ एवढाच सल्ला! आणि दोन वर्षांनी ‘पोरगा चांगला होता, पण टिकला नाही’ असा शेरा. तो टिकला नाही, की आम्ही त्याला टिकू दिले नाही?

हिवाळा आला की गावोगाव कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याच्या नावाने चषकाच्या स्पर्धा भरतात. सकाळी एका संघाकडून, दुपारी दुसऱ्या संघाकडून आणि सायंकाळी दिव्यांच्या उजेडात तिसऱ्या सामन्यात तोच एक वेगवान पोर चेंडू टाकीत असतो. त्याने दिवसभरात किती चेंडू टाकले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. बक्षिसाची रक्कम मात्र फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते!

अमेरिकेत ही चूक अगोदर घडली. कोवळ्या मुलांचे कोपर निकामी होऊ लागले, शस्त्रक्रियांची रीघ लागली, तेव्हा २०१४ साली तेथील बेसबॉलच्या धुरीणांनी वयानुसार चेंडूंची मर्यादा आखून दिली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ हून अधिक चेंडू फेकावयाचे नाहीत. ७६ किंवा त्याहून अधिक फेकले, तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांनी सलग किती षटके टाकावीत आणि दिवसाकाठी किती, याचे दंडक घालून दिले.

पण हे शहाणपण आम्हांस सातासमुद्रापलीकडून कशाला आणावयास हवे? धाराशिवचा शेतकरी खोंडाचे दात पाहिल्यावाचून त्याला जुवाखाली घालीत नाही. प्रथम मोकळा फिरवितो, मग हलक्या कामाला लावतो, आणि अंगात बळ भरल्यावरच नांगराला जुंपतो. कोवळे जनावर ऐन नांगरटीत जुंपले, तर ते आयुष्यभराचे खांदेकरू बनते, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. जी दया आम्ही बैलाला दाखवितो, ती पोटच्या पोराला का दाखवीत नाही?

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात प्यावयास पाणी नाही आणि सोयाबीनला भाव नाही, तेथे हा गोलंदाजांचा विचार कशास? आम्ही विचारतो, याच जिल्ह्याने खो-खोत काय केले, ते पाहा. येथील सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळविला. तेव्हा दुष्काळ नव्हता काय? होता. पण खो-खोला मैदान होते, रोज संध्याकाळी मैदानावर उभे राहणारे शिक्षक होते, आणि मोठ्या मुलींच्या मागे लहान मुलींची रांग होती. दारिद्र्यातही परंपरा निर्माण करता येते, हे ज्यांनी सिद्ध केले, ते आमच्याच शहरातले आहेत. त्यांचा कित्ता क्रिकेटवाल्यांनी गिरवावा, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दीड कोटींच्या आकड्याने घरोघरच्या बापांचे डोळे दिपले आहेत. एखादा एकर विकून पोराला पुण्याच्या अकादमीत ठेवावे, असे मनसुबे रचले जात आहेत. या बापांना आम्ही हात जोडून सांगतो, असे करू नका. लिलावात बोली लागणारा हजारांत एक असतो. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना शाळेचाच आधार असतो. आणि बापावर जमीन विकण्याची पाळी येऊ नये, म्हणूनच तर व्यवस्था जिल्ह्यात हवी, असा आमचा आग्रह आहे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि परवडणाऱ्या आहेत. जिल्हा संघटनेने आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने मिळून वेगवान गोलंदाजी जाणणारा एक प्रशिक्षक येथे कायमचा ठेवावा. चार दिवसांच्या शिबिराला येऊन फोटो काढून जाणारा नको. धाराशिव, तुळजापूर आणि उमरगा येथे सरावासाठी मातीच्या चांगल्या खेळपट्ट्या राखाव्यात. दर वर्षी आठही तालुक्यांतून टेनिसच्या चेंडूवर खेळणारी मुले हेरून त्यांच्या हाती कातडी चेंडू द्यावा. विदर्भाच्या उमेश यादवच्या हाती तो विशीच्या उंबरठ्यावर आला, तरी तो कसोटी खेळला. मग आमच्या मुलांना तो पंधराव्या वर्षी का मिळू नये? निवडलेल्या दहा-बारा मुलांना किमान पाच वर्षे सांभाळावे, आणि त्यांत केवळ वेग न पाहता डावखुरा, चेंडू वळविणारा, अखेरची षटके टाकणारा असे नाना गुणांचे गडी असावेत.

आणि सर्वांत महत्त्वाची मागणी दहा रुपयांच्या वहीची आहे. प्रत्येक मुलाने सामन्यात आणि सरावात टाकलेला प्रत्येक चेंडू त्या वहीत नोंदला जावा. वयाची मर्यादा ओलांडली, की त्या दिवशी त्याच्या हातातून चेंडू काढून घ्यावा. मग सामना अंतिम असो की चषक कोणाच्याही नावाचा असो. जो संयोजक हे पाळणार नाही, त्याच्या स्पर्धेला संघटनेने मान्यता देऊ नये आणि गावकऱ्यांनी वर्गणीही देऊ नये.

सामना हरला तर पुढल्या आठवड्यात दुसरा आहे. मोडलेला कणा मात्र दुसरा मिळत नाही. तुळजापूरच्या एका मुलाने वाट दाखविली; त्या वाटेवर दुसरा, तिसरा आणि दहावा धडधाकट चालत यावा, हे पाहणे आता आमचे काम आहे. ते आम्ही केले नाही, तर उद्या कोणी या जिल्ह्याच्या गोठ्यात डोकावून पाहिले असता त्याला एक रिकामी दावण तेवढी दिसेल, आणि त्याचा दोष नशिबाला देता येणार नाही.