मान्यता मिळाली, मुदत संपली

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ सप्टेंबर २०२४ रोजी इस्रायलला बारा महिन्यांची मुदत दिली होती. पॅलेस्टिनी भूभागावरचा बेकायदा ताबा वर्षभरात सोडा, असे सांगणारा ठराव १२४ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. ४३ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. बरोबर वर्षाने, १८ सप्टेंबर २०२५ला, गाझात तातडीने युद्धबंदी करावी असा ठराव सुरक्षा परिषदेपुढे आला. पंधरापैकी चौदा सदस्यांनी बाजूने हात वर केले. अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो पाडला. या युद्धातला अमेरिकेचा हा सहावा नकार. तीनच दिवसांनी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल यांनी पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी फ्रान्सने. मान्यतेचा गाजावाजा भरपूर झाला. मुदत संपल्याचे कोणी फारसे बोललेही नाही.

मान्यता देणे सोपे असते, कारण त्यासाठी खिशाला चाट बसत नाही.

ही मान्यता जमिनीवर कितपत पोहोचते, ते मसाफेर यत्तात दिसते. वेस्ट बँकेत हेब्रॉनच्या दक्षिणेला डोंगरउतारावर मेंढपाळांच्या छोट्या वाड्या आहेत. काही कुटुंबे अजून गुहांत राहतात. १९८०च्या दशकात इस्रायली लष्कराने हा भाग गोळीबाराच्या सरावासाठी राखीव ठरवला. दोन दशके खटला चालला आणि मे २०२२मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने हजाराहून अधिक रहिवाशांना हटवायला मोकळीक दिली. घर बांधायचे तर परवाना हवा, परवाना जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि विनापरवाना घरावर बुलडोझर येतो. शेजारच्या ज्यू वसाहतींना मात्र रस्ता, वीज, पाणी सगळे मिळते. या पाडापाडीवर दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या ‘नो अदर लँड’ या माहितीपटाला मार्च २०२५मध्ये ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात त्यातल्या एका पॅलेस्टिनी दिग्दर्शकाला वसाहतवाल्यांनी गावात येऊन मारहाण केली आणि सैनिकांनी त्यालाच पकडून नेले. जुलैमध्ये चित्रीकरणाला मदत केलेल्या एका शिक्षकाचा उम्म अल-खैर या वाडीत गोळी लागून मृत्यू झाला. गोळी झाडल्याचा आरोप ज्या वसाहतवाल्यावर आहे, त्याच्यावर बायडेन सरकारने पूर्वीच निर्बंध लादले होते. ट्रम्प यांनी सत्तेवर येताच ते उठवले होते.

एकाच टेकडीवर दोन कायदे चालतात, हे यामागचे खरे दुखणे. १९६७पासून वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसाचा खटला लष्करी न्यायालयात उभा राहतो. आरोपपत्राशिवाय त्याला सहा महिने डांबता येते आणि ही कोठडी पुनःपुन्हा वाढवता येते. शेजारच्या वसाहतवाल्याला इस्रायलचा नागरी कायदा लागू. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४च्या सल्लागार मतात हा ताबाच बेकायदा ठरवला आणि वसाहती रिकाम्या करायला सांगितले. त्यावर इस्रायल सरकारचे उत्तर ऑगस्ट २०२५मध्ये मिळाले: पूर्व जेरुसलेमलगत ई-१ भागात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी. पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच यामुळे गाडली जाईल, असे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघडपणे सांगितले. निदान ते लपवाछपवी करत नाहीत.

हमासने ७ ऑक्टोबर २०२३ला सुमारे १,२०० जणांना मारले, २५१ जणांना ओलीस नेले. तो गुन्हाच होता, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने हमासचा सेनानी मोहम्मद दैफ याच्यावरही वॉरंट काढले. त्याच दिवशी नेतान्याहू यांच्यावरही काढले. मग अमेरिकेने निर्बंध लादले ते न्यायालयाच्या न्यायाधीशांवरच.

भारताची गोष्ट अधिक अवघडल्यासारखी आहे. १९७४मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा भारत हा पहिला बिगर-अरब देश होता. १९८८मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्रालाही मान्यता दिली. आता मत हेलकावे खाते. युद्धबंदीच्या ठरावावर डिसेंबर २०२३मध्ये बाजूने, जून २०२५मध्ये तटस्थ. दरम्यान इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले आणि बांधकामावर त्यांची जागा घ्यायला भारतीय कामगार गेले. त्यासाठीची भरती पुण्यातही झाली. पोटासाठी जाणाऱ्याला दोष देता येत नाही, पण सरकारने हा व्यवहार निव्वळ रोजगार म्हणून मांडावा, हे पटत नाही.

मुंबईत गाझासाठी निदर्शनांची परवानगी मागणाऱ्या कम्युनिस्टांना जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने हजारो मैलांवरच्या प्रश्नापेक्षा इथला कचरा, पूर, प्रदूषण बघा, असे सुनावले. गटारावर बोलणाऱ्याने गाझावर बोलू नये, हा नियम कुठला? पुढच्याच महिन्यात आझाद मैदानावर निदर्शने झाली आणि मुंबईचे काही बिघडले नाही.

काय करता येते, ते वीसेक लाख लोकसंख्येच्या स्लोव्हेनियाने दाखवले. ऑगस्ट २०२५मध्ये या देशाने इस्रायली वसाहतींतल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. २०२४च्या ठरावात सर्व देशांना हेच सांगितले होते. भारताने वसाहतींतला माल आपल्या बंदरांत उतरू देऊ नये आणि आमसभेतल्या पुढच्या मतदानात तटस्थतेच्या आडोशाला बसू नये. त्यासाठी सुरक्षा परिषदेत कायमची जागा लागत नाही, की वॉशिंग्टनची परवानगी.