विहीर आणि कालवा

लासुर्ण्याच्या शेतीस पाणी विहिरीचें किंवा नीरा डाव्या कालव्याचें. विहीर एकदां खणली कीं आपली. कालव्याची पट्टी मात्र वर्षानुवर्षें भरावी लागते. सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना ही विहीर, क्लाउडवरील वर्गणी हा कालवा. २०२२ सालीं केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें दप्तर क्लाउडवरील एकाच सॉफ्टवेअरवर आणण्यास मंजुरी दिली. आतां शाळा, देवस्थानें याच वाटेनें निघालीं आहेत. त्यांच्या चालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, सही करण्यापूर्वीं विचारावें : वर्गणी माणशीं कीं यंत्रागणिक? जुना परवाना क्लाउडवर चालतो काय? वर्गणी थांबल्यास दप्तर कोणत्या रूपांत, किती दिवसांत परत मिळेल? पट्टी थकल्यास पाणी तुटतें, शेत आपलेंच राहतें. दप्तराचें तसें व्हावयाचें, तर तें करारांतच लिहून घेतलें पाहिजे.