गाडी हलली तरच पैसे

अमेरिकेत एकटी राहणारी म्हातारी रात्री पायपुसण्यात पाय अडकून पडते. हाड मोडलेले नाही, पण उठता येत नाही. ती 911 लावते. दोघे पॅरामेडिक येतात, तिला उचलून खुर्चीत बसवतात, रक्तदाब बघतात, गोळ्यांचा डबा चाळतात. रुग्णालयात जायची गरज नाही, यावर तिघांचेही एकमत होते. या कामाचे मेडिकेअर काय देते? काही नाही.

पासष्टी ओलांडलेल्यांचा हा सरकारी विमा रुग्णवाहिकेकडे निव्वळ वाहन म्हणून बघतो. रुग्णाला गाडीत घालून मान्य ठिकाणी पोचवले, तर मूळ दर आणि वर मैलांचे पैसे. मैलही रुग्ण आत असतानाचेच. रिक्षाचा मीटर बरा, असा हिशेब. त्याला एक अपवाद आहे, आणि तो नीट वाचावा. गाडी निघाली, पण आत घेण्याआधीच रुग्ण मृत घोषित झाला, तर मैल नसले तरी मूळ दर मिळतो. म्हणजे मेलेल्याचे बिल लागते. धडधाकट निघालेल्या आणि घरीच ठेवलेल्या बाईचे लागत नाही. नियम कुणी दुष्टाव्याने लिहिलेला नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त गाडी होती.

आता ती बाई पंधरवड्याने पुन्हा पडणार, कारण पायपुसणे तिथेच आहे आणि चक्कर आणणारी गोळीही चालूच आहे. हे दोन्ही पाहणारी माणसे आली होती. पण पायपुसणे उचलायला आणि डॉक्टरला फोन करायला थांबणे म्हणजे रुग्णवाहिकेच्या मालकाच्या लेखी फुकटचा वेळ. त्यापेक्षा ‘एकदा दाखवून घेऊ’ म्हणत तिला इमर्जन्सीत नेलेले सगळ्यांनाच सोयीचे. तिची रात्र तेवढी स्ट्रेचरवर जाते.

कॅनडातल्या ऑन्टेरियोत याच गणवेशातली माणसे वृद्धांच्या सरकारी इमारतींत आठवड्यातून एकदा टेबल टाकून बसली. रक्तदाब, मधुमेहाचा धोका, पडण्याचा धोका तपासायचा आणि गरज असेल तर फॅमिली डॉक्टरला कळवायचे, एवढेच काम. मॅकमास्टर विद्यापीठाने ही चाचणी घेतली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शंभर घरांमागे महिन्याला येणारे रुग्णवाहिकेचे कॉल अशी सोय नसलेल्या इमारतींत चारच्या आसपास होते, सोय असलेल्यांत तीनच्या आसपास. तिथे सेवेचा खर्च मुख्यतः प्रांत आणि नगरपालिका उचलतात, तोही गाडी सज्ज ठेवण्यासाठी. कॉल घटला म्हणून कुणाची कमाई बुडत नाही.

अमेरिकेने प्रयत्नच केला नाही, असे नव्हे. मिनेसोटाने गरिबांच्या मेडिकेडमधून पॅरामेडिकच्या घरभेटींचे पैसे 2012 पासून द्यायला घेतले. मेडिकेअरनेही जानेवारी 2021 मध्ये ‘ईटी3’ नावाचा प्रयोग काढला: जागेवर उपचार केले तरी पैसे, रुग्णालयाऐवजी दवाखान्यात नेले तरी पैसे. मुदत पाच वर्षांची होती. 2023 च्या अखेरीस तो बंद केला. अपेक्षेइतक्या संस्था आल्या नाहीत, अपेक्षेइतके रुग्ण झाले नाहीत, हे कारण. पण सामील होण्याआधी माणसे शिकवायची, डॉक्टर व्हिडिओवर जोडून द्यायचा, दवाखान्यांशी करार करायचे, ही तयारी संस्थांच्याच गळ्यात होती. रुग्णाला गाडीत घालून थेट रुग्णालय गाठायला यातले काहीच लागत नव्हते, आणि त्याचे पैसे तर आधीपासून मिळतच होते.