डावखुरा हात आणि मोटारसायकल: दोष हाताचा की सवयीचा?

"डॉक्टर, पोरगा डावखुरा आहे. त्याला गाडी घेऊन द्यावी का?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच. मुलगी असेल तर काळजी आणखी वाढते: "ही सगळं डाव्या हातानं करते. विट्याला कॉलेजला एसटीनंच जाऊ दे, नाही का?" गाडी शिकायला गेल्यावर पहिल्याच दिवशी तोल गेला, तरी घरचे म्हणतात, "डावखुरी आहे ना, जमायचं नाही तिला."

माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. डावखुरेपणा हे गाडी न देण्याचे कारण होऊ शकत नाही. कडेगावसारख्या गावात एसटी चुकली की कॉलेजचा दिवस बुडतो, त्यामुळे चुकीच्या समजुतीपायी मुलीची गाडी अडवणे म्हणजे तिचे शिक्षण अडवण्यासारखेच आहे. पण या उत्तराचा दुसरा भागही वाचा, कारण खरा धोका तिथे आहे.

डावखुरेपणा म्हणजे नेमके काय?

जगात साधारण दहापैकी एक माणूस डावखुरा असतो. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा भाग उजवी बाजू. लिहिणे, सुई ओवणे, चेंडू फेकणे अशा कामांसाठी आपण एका हाताला पसंती देतो. याचा अर्थ दुसरा हात अडाणी असतो असा नाही, आणि प्रत्येक कामात पसंतीचा हात एकच असतो असेही नाही.

आपल्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे उदाहरण घ्या. ती फलंदाजी डावखुरी करते, पण चेंडू उजव्या हाताने टाकते. सचिन तेंडुलकरचे याच्या उलट. तो फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण लिहितो डाव्या हाताने. म्हणजे एखाद्या कामात कोणता हात तरबेज होणार, हे जन्मापेक्षा सरावावर अधिक ठरू शकते.

गाडीचे हँडल कोणाच्या बाजूचे?

कात्री किंवा विळा ही एका हाताची हत्यारे आहेत. ती बहुधा उजव्या हाताच्या हिशेबाने बनवलेली असतात, म्हणून डावखुऱ्या माणसाला त्रास होतो. मोटारसायकल तशी नाही. उजव्या हाताकडे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताकडे क्लच. उजव्या पायाशी मागचा ब्रेक, डाव्या पायाशी गिअर. चौघांनाही काम आहे आणि कोणाचेही काम हलके नाही.

क्लच अर्धा सोडून चढावर गाडी उचलणे हे अत्यंत नाजूक काम आहे आणि ते प्रत्येक उजव्या माणसाचा डावा हात करतो. तिथे डावखुऱ्याला थोडा फायदाच असेल, तर ॲक्सिलरेटर हळुवार पिळताना उजव्याला. वळताना तर दोन्ही हात मिळूनच हँडल सांभाळतात.

ही मांडणी शरीरशास्त्र पाहून ठरलेलीही नाही. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. जुन्या चेतकच्या डाव्या मुठीतच क्लच आणि गिअर दोन्ही होते. त्या गाड्या उजव्या-डाव्या सगळ्यांनीच चालवल्या. सवय झाली की हात-पाय आपोआप चालतात, कारण मेंदू ती हालचाल पक्की साठवून ठेवतो.

'डावखुरे लवकर मरतात' हे आले कुठून?

१९९१ साली डायेन हॅल्पर्न आणि स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक निष्कर्ष छापला. दक्षिण कॅलिफोर्नियातील मृतांच्या नातेवाइकांना विचारून त्यांनी हिशेब मांडला होता. उजव्यांचे मृत्यूसमयी सरासरी वय ७५ निघाले आणि डावखुऱ्यांचे ६६. अपघाती मृत्यूही डावखुऱ्यांत जास्त दिसले. बातमी जगभर गेली आणि अजून मोबाईलवर फिरते.

त्यातली चूक समजून घ्या. जुन्या पिढीत डावखुऱ्या मुलांना मारून-मुटकून उजव्या हाताने लिहायला लावत. आपल्याकडेही पाटीवर डाव्या हाताने गिरवले की छडी बसायची. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत 'डावखुरे' म्हणून नोंद होणारे थोडेच उरले आणि तरुणांत जास्त. मग मृत डावखुऱ्यांचे सरासरी वय कमी येणारच! आज मोबाईलवरून पैसे पाठवणाऱ्या आणि न पाठवणाऱ्या मृतांचे सरासरी वय काढा. पाठवणारे तरुण निघतील. म्हणून मोबाईलवरून पैसे पाठवल्याने माणूस लवकर मरतो असे म्हणायचे का?

कोरेन यांनी त्याआधी १९८९ मध्ये कॅनडातील विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. तिथेही डावखुऱ्यांनी जास्त अपघात सांगितले. पण हे विद्यार्थ्यांनी स्वतः आठवून सांगितलेले अपघात होते, आणि त्यात घरातल्या, खेळातल्या, अवजारांच्या इजाही धरल्या होत्या. त्यावरून 'डावखुऱ्याला मोटारसायकल जमत नाही' हा निष्कर्ष निघत नाही.

खरा धोका: घरात दोन गाड्या

आता दुसरा भाग. आपल्याकडे बऱ्याच घरांत एक मोटारसायकल आणि एक बिनगिअरची स्कूटर असते. ज्याला जी सापडेल ती तो घेऊन जातो. पण दोन्ही गाड्यांची डावी मूठ सारखी नाही, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. स्कूटरवर डाव्या हाताशी ब्रेक असतो. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो.

रोज स्कूटर चालवणारी मुलगी एके दिवशी वडिलांची मोटारसायकल काढते. समोर अचानक कुत्रे येते. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, हात सवयीने चालतो. तिचा डावा हात आवळला जातो आणि क्लच दबतो. इंजिनाची ओढ सुटते, गाडी मोकळी पुढे घरंगळते आणि ब्रेक मात्र लागतच नाही. उलटही होते. मोटारसायकलवाला स्कूटरवर बसतो, वेग कमी करताना सवयीने 'क्लच' गच्च दाबतो आणि मागचे चाक जागीच अडकते. शिवाय पायातला ब्रेक शोधत त्याचा उजवा पाय नुसताच पत्र्यावर आपटतो.

हा धोका डावखुऱ्याला आहे तसाच उजव्यालाही आहे. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. जोडीतला डावीकडचा बैल उजवीकडे जुंपला तर तो बावचळतो. त्यात बैलाचा दोष नसतो, त्याला त्या बाजूची सवय नसते.

थोडा हिशेब करू

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पसंतीच्या आणि दुसऱ्या हाताच्या प्रतिक्रियेत सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक धरला, तर तो भरतो १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. मोबाईलकडे दोन सेकंद नजर गेली तर गाडी ३३ मीटर आंधळी जाते. गळीत हंगामात कऱ्हाड-विटा रस्त्यावर रात्री उसाने भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असेल, तर जीव वीतभर अंतराने जात नाही, तो त्या ३३ मीटरांत जातो.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसले आहे. मुलाच्या हाताची चिंता करणारे आई-बाप त्याच्या उघड्या डोक्याची चिंता का करत नाहीत, हे मला कोडेच आहे.

हात तपासायचाच असेल तर

हात डावा की उजवा हे सोडा. दोन्ही हात आणि दोन्ही पाय नीट काम करतात का, ते पाहा.

- हाताला प्लास्टर असेल किंवा बोट ताजे शिवलेले असेल तर गाडी चालवू नका. 'एका हाताने आणतो हळूहळू' हे चालणार नाही.
- रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, क्लच धरताना बोटे बधिर होत असतील, तर मनगटात नस दबलेली असू शकते. दाखवून घ्या, त्यावर इलाज आहे.
- मधुमेह आहे आणि चप्पल पायातून निसटलेली कळत नाही? मग ब्रेकवर किती जोर पडला तेही कळणार नाही.
- पक्षाघातातून बरे झाला असाल तर डॉक्टरांनी हात, पाय आणि नजर तपासून सांगितल्याशिवाय गाडीला किक मारू नका.
- सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. गोळी घेताना हे विचारून घ्या. दारूबद्दल वेगळे लिहायची गरज नसावी.

शिकवताना काय कराल?

पहिले काही महिने नवशिक्याला एकच गाडी द्या. दुसऱ्या प्रकारची गाडी घ्यायची वेळ आली तर निघण्यापूर्वी जागेवरच दोन्ही मुठी आणि पायातला ब्रेक दोन-चारदा दाबून पाहायला सांगा. रिकाम्या मैदानावर ताशी २० च्या वेगात सरळ जाऊन दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचा सराव द्या. दहा-वीस वेळा, आणि पुन्हा चार दिवसांनी. 'पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो' ही भीती मनात घालू नका. झटक्याने किंवा वळणावर दाबला तर तोल जातो हे खरे, पण गाडी थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो.

मुलीने लायसन्स काढले असेल, हेल्मेटचा पट्टा बांधला असेल आणि ब्रेकचा सराव झाला असेल, तर ती पेन कोणत्या हातात धरते हा प्रश्न आता सोडून द्या. चावी तिच्या हातात द्या. डाव्या हाताने घेतली तरी चालेल.