पोराचा खोकला आणि आईचा खाडा

सन २००९ च्या ऑगस्टांत पुण्यांत एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनें दगावली. त्या साथीचा हिंदुस्थानांतील तो पहिला बळी. पुण्याच्या शाळांना तेव्हां कुलुपें लागलीं. पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल कान्ह्यास थांबते; माणसांबरोबर साथही उतरते, हें मावळकरांनीं विसरूं नये.

फ्लूचा विषाणु खोकल्याशिंकेच्या तुषारांतून व शेंबड्या हातांवरून पसरतो. ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्यास लागूं शकतो. पावसाळ्यांत खिडक्या लावून पोरें खेटून बसविलीं, कीं त्याचें फावतें. मग पोर तो घरीं आणतें. तेथें एकाच खोलींत तान्हें मूल व म्हातारी आजी निजलेलीं असतात!

हा देवाचा कोप नव्हे. अंगाऱ्या-नवसांवर पैका घालवूं नये. तापकरी पोरास घरीं ठेवावें, साबणानें हात धुवावे, खिडक्या उघडाव्या. श्वास जलद चालला किंवा बरगड्या आंत ओढल्या जाऊं लागल्या, तर तत्काळ सरकारी दवाखाना गांठावा.

पण पोर घरीं ठेवलें, तर आईचा रोज बुडतो. उपदेश करणारे नेमकें हेंच विसरतात! म्हणून आमचें मागणें असें : मालकानें त्या दिवसाचा खाडा धरूं नये, शाळेनें गैरहजेरीबद्दल पोरास बोल न लावतां बुडालेला पाठ भरून द्यावा, भावकीनें त्या घरचें काम वांटून घ्यावें.

१८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुल्यांनीं रोग्यांची सेवा करतां करतां देह ठेविला. त्यांचें नांव घेणाऱ्या आम्हांस एवढेंही जड जावें काय?