आज रात्री मरण आलं तर?

"आज रात्री तुम्हाला मरण आलं, तर तुम्ही स्वर्गात जाल याची खात्री आहे का?" हा प्रश्न कधीच ऐकला नाही असे ख्रिस्ती लोक फार थोडे असतील. फ्लोरिडातल्या जेम्स केनेडी या पाळकाने १९६२ मध्ये सुवार्ता सांगायची जी पद्धत सुरू केली, तिचा पहिला प्रश्न साधारण हाच.

प्रश्नाला माझी हरकत नाही. धडधाकट, आपल्याच मस्तीत जगणाऱ्या माणसाला तो जरूर विचारा. माझं भांडण आहे ते पुढच्या उडीशी. "खात्री नाही? म्हणजे तुमचं तारण झालेलंच नाही!" आणि हे ऐकवायचं कुणाला, तर आयुष्यभर विश्वासाने जगलेल्या आणि आता शेवटचे दिवस मोजणाऱ्या एखाद्या आजीला. हा निर्दयपणा तर आहेच, शिवाय शिकवण म्हणूनही हे साफ चुकीचं आहे.

विल्यम कूपरचंच बघा (१७३१–१८००). इंग्लंडमधल्या ओल्नी गावी त्याने आणि जॉन न्यूटनने लिहिलेल्या गीतांचा संग्रह १७७९ मध्ये निघाला. 'अमेझिंग ग्रेस' त्यातलंच, न्यूटनचं. ख्रिस्ताच्या रक्ताने पापं धुतली जातात हे सांगणारं कूपरचं गीत आजही चर्चमध्ये गातात. आणि खुद्द कूपर? १७७३ मध्ये त्याला मानसिक आजाराचा जबर झटका आला आणि देवाने आपल्याला कायमचं टाकलंय असं त्याच्या मनाने घेतलं. मरेपर्यंत, म्हणजे पुढची सत्तावीस वर्षं, ते काही गेलं नाही. आता सांगा, त्याची गीतं गाऊन ज्यांना धीर आला ते सगळे आत, आणि तो एकटा बाहेर?

आमच्या धंद्यात नवख्यालाही एक गोष्ट लवकर कळते. मॉनिटरिंगचा दिवा लाल झाला म्हणजे सर्व्हर पडलाच असं नाही. कधी कधी दिवाच बिघडलेला असतो. खात्रीची भावना हा असाच एक दिवा आहे. आजार, वय, दुःख, कशानेही तो बिघडतो.

हे काही माझ्या पदरचं नाही. आपल्याला कृपा मिळाली आहे हे कधीच चुकणार नाही अशा खात्रीने कुणालाही कळू शकत नाही, असं ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवलं. प्रोटेस्टंटांना ते पटलं नाही. कॅल्विनने तर विश्वासाची व्याख्याच 'देवाच्या कृपेचं पक्कं ज्ञान' अशी केली. पण त्याच्याच परंपरेतल्या मंडळींनी १६४६ मध्ये वेस्टमिन्स्टरला विश्वासाची जी कबुली तयार केली, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ थांबावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते.

आणि न्यायाच्या दिवसाचं काय? मत्तयाचं शुभवर्तमान उघडा. सातव्या अध्यायात "प्रभू, प्रभू" म्हणत, केलेल्या चमत्कारांची यादी घेऊन येणाऱ्यांना पूर्ण खात्री आहे. त्यांना बाहेरची वाट दाखवली जाते! पंचविसाव्या अध्यायात ज्यांना आत बोलावलं जातं, ते उलट गोंधळून विचारतात की आम्ही तुझी सेवा केली तरी कधी? खात्री हीच परीक्षा असती तर दोन्ही निकाल उलटे लागले असते.

यावर हमखास योहानाचं पहिलं पत्र पुढे केलं जातं. त्याच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय ना, की सार्वकालिक जीवन आपल्याला मिळालंय हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहितो! अगदी मान्य. खात्री हे मोठं दान आहे, ते मागावंच. पण त्याच पत्राचा तिसरा अध्यायही वाचा की. आपलं मन आपल्याला दोषी ठरवू लागलं तर देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे, असं तिथे सांगितलंय. मनाचा निकाल शेवटचा नाही, एवढं तरी त्यातून नक्की निघतं.

मग मरणाऱ्या माणसाजवळ बसून करायचं काय? त्याच्या मनाची झडती घेऊ नका. ल्यूथर घाबरलेल्यांना त्यांच्या बाप्तिस्म्याची आठवण द्यायला सांगत असे, कारण ती गोष्ट माणसाच्या मनाबाहेर घडलेली असते आणि मन खचलं म्हणून पुसली जात नाही. तसंच ख्रिस्ताने दिलेलं वचन सांगा, हात धरा, प्रार्थना करा. आजीला "आमेन" म्हणायचं बळ नसेल तर तिच्या वतीने तुम्ही म्हणा.