शेवटच्या गावाला पाणी कोण देणार?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने 'जल जीवन मिशन' घोषित केले, तेव्हा देशातील सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांतच नळ होता. २०२४ पर्यंत प्रत्येक घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी, असे अभिवचन होते. ती मुदत टळली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान १५ कोटींहून अधिक घरांत नळ पोहोचल्याचे सरकारी आकडे सांगतात. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु नळ बसविणे ही एक गोष्ट आणि त्यातून बारमाही पाणी येणे ही दुसरी.

अनेक गावांसाठी एकच प्रादेशिक योजना, हे तत्त्व योग्यच आहे. विदर्भातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे; तेलंगणातील नलगोंडा भागात फ्लोराइडने पिढ्यान्‌पिढ्या माणसांची हाडे वाकविली. तेथे एकट्या गावाने विहीर खोदून भागत नाही. दूरच्या जलाशयाचे पाणी उचलून, शुद्ध करून गावोगाव पोहोचविणे हाच मार्ग उरतो.

दोष आहे तो भार वाटण्याच्या पद्धतीत. बांधकामाचा पैसा ठेकेदाराला मिळतो. पंपांचे वीजबिल आणि दुरुस्ती मात्र वर्षानुवर्षे दुर्बळ ग्रामपंचायतींच्या माथी येते. जलवाहिनीच्या तोंडाची गावे पाणी घेतात. शेवटच्या गावाची टाकी भरण्यापूर्वीच वीज जाते. पाणी नाही म्हणून तेथे पाणीपट्टी भरली जात नाही. थकबाकी साचते, वीज तोडली जाते आणि पट्टी भरणाऱ्यांचेही नळ कोरडे पडतात. मग ग्रामस्थांनाच बेजबाबदार ठरविले जाते! शेतमजुराच्या घरातील स्त्री पुन्हा हंडा घेऊन निघते आणि तिचा रोज बुडतो.

प्रश्न उद्भवाचाही आहे. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देण्याचे तत्त्व १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने मान्य केले होते. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आणि त्याच महिन्यात मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. अग्रक्रम कागदावर कोणाचा आणि प्रत्यक्षात कोणाचा, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून मागण्याही स्पष्ट हव्यात. उद्भव, शुद्धीकरण केंद्र व मुख्य जलवाहिनी चालविण्याचा खर्च, विजेसह, राज्य सरकारने उचलावा. ग्रामपंचायतीकडे केवळ गावांतर्गत वितरण असावे आणि कुटुंबाची पट्टी त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरावी. पंप व झडपा सांभाळणाऱ्या कामगारांना कायम करून किमान वेतन द्यावे. जलाशयातील पिण्याचा साठा कारखान्यांच्या आधी राखून ठेवावा. आणि योजनेचे यश शेवटच्या गावाच्या टाकीवर, ऐन मे महिन्यात, ग्रामसभेसमोर मोजावे.

यासाठी शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रियांनी गावोगावच्या हद्दी ओलांडून एकत्र आले पाहिजे. जलवाहिनी एक आहे. तिच्यावरील गावांचा लढाही एकच असला पाहिजे.